कॉन्ट्राचा कोड पन्नास वेळा मारून बघितला

दादाला यंदा पंचेचाळीस पूर्ण झाली. त्याला काय द्यायचं यावर माझं आणि वहिनीचं पंधरा दिवस फोनवर चाललेलं, घड्याळ झालं, बूट झाले, शेवटी वहिनी म्हणाली अगं माळ्यावर तुमचा तो जुना व्हिडिओ गेम अजून आहे, दर दिवाळीला साफसफाईत हे तो खाली काढतात, पुसतात आणि परत गुंडाळून ठेवतात, मला टाकू देत नाहीत. झालं, तिथंच माझं ठरलं. जुन्या गेम्स खेळायचे हातात मावणारे रेट्रो हँडहेल्ड मिळतात ना हल्ली, तसलं एक द्यायचं. पण आणलं आणि दिलं असं नाही, आधी मी तपासणार. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली, वस्तू मोजल्याशिवाय माझ्याकडून पास होत नाही. म्हणून एक कोरी वही घेतली आणि पाच आठवडे रोज रात्री जेवणं आवरल्यावर त्या डिव्हाइसची तपासणी केली. त्याचंच हे सगळं.

आधी आमच्या जुन्या व्हिडिओ गेमचं सांगते, कारण माझं सगळं मोजमाप त्याच्याशीच आहे. १९९५ च्या मे महिन्यात पप्पांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा मूळ व्हिडिओ गेम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला, पण आपल्याकडे घरोघरी जे होतं ते बहुतेक त्याची नक्कल केलेलं यंत्र, वर कॅसेट खोचायची, चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत खोचायची. आमच्याकडे ९९९९ गेम्सची कॅसेट होती, त्यात खऱ्या गेम्स थोड्याच, बाकी त्याच परत परत वेगळ्या नावानं. मारिओ, कॉन्ट्रा, बॅटल सिटी. कराडच्या घरात २१ इंची टीव्ही, मी अकरा वर्षांची आणि दादा पंधराचा. कॉन्ट्राच्या धबधब्याच्या लेव्हलला दादा भराभर वर चढायचा, स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकायची आणि मी खाली राहिले की मरायचे. रोज. त्यावरून एवढी भांडणं व्हायची की आई येऊन सरळ मेन स्विचच बंद करायची.

आता डिव्हाइसचं. असली यंत्रं बनवणाऱ्या चिनी कंपन्या बऱ्याच आहेत, अ‍ॅनबर्निक, मियू, पॉवकिडी, ट्रिमयूआय वगैरे. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस हे चिनी ऑनलाइन दुकान आपल्याकडे बंद झालं त्यामुळे थेट मागवायचा तो रस्ता गेला, आता इथले विक्रेते मागवून विकतात त्यांच्याकडून घ्यावं लागतं आणि किंमत जरा चढी पडते. मला साडेसहा हजारांना पडलं. मी घेतलं ते कुठल्या कंपनीचं हे लिहीत नाही, कारण माझ्याकडे एकच नग आहे आणि एका नगावरून अख्खी बॅच पास किंवा रिजेक्ट करू नये हे मी रोज नवीन पोरांना शिकवते. साडेतीन इंची स्क्रीन, ६४० बाय ४८०, एक जीबी रॅम, ३३०० एमएएचची बॅटरी, मिनी एचडीएमआय आहे. या किमतीत आता असंच काहीसं मिळतं.

पहिल्याच रात्री चार्जिंग होईना. फोनचा चार्जर लावला, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल, काहीच नाही, लाईटसुद्धा लागेना. मला वाटलं नगच मेलेला आला. मग जुनी केबल शोधली, एका बाजूला मोठं चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला सी, ती लावली आणि झालं सुरू. कारण समजून घेतलं तर ते असं आहे, सी टू सी मध्ये चार्जर आधी बघतो की पलीकडे खरंच कोणी वीज मागतंय का, त्यासाठी डिव्हाइसच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर असावे लागतात, ते नसले तर चार्जर व्होल्टेज सोडतच नाही. चौकोनी यूएसबीत असं काही विचारत नाहीत, पाच व्होल्ट कायम असतात. म्हणजे दोन रेझिस्टरची बचत, आणि घेणारा रात्री अकरा वाजता डिव्हाइस मेलं म्हणून डोकं धरून बसतो. मला याचा मनापासून राग येतो. वहीत पहिली नोंद तीच आहे, आणि दादाला देताना डब्यात ती जुन्या पद्धतीची केबल घालून दिली.

दुसरं कार्ड. बरोबर आलेलं मेमरी कार्ड बिननावाचं असतं आणि त्यात हजारो गेम्स भरून येतात, त्या मूळ मालकांच्या परवानगीशिवायच भरलेल्या असतात हे स्पष्ट सांगते, आमची ९९९९ ची कॅसेटही तशीच होती पण तेव्हा ते कळत नव्हतं. त्या ढिगाचा तसाही उपयोग नसतो, एकच गेम सहा भाषांत आणि निम्म्या चालत नाहीत. मी आधी अख्ख्या कार्डची कॉपी लॅपटॉपवर काढून ठेवली. हे सगळ्यांनी करा, पहिल्याच दिवशी करा. मग एफ३ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून जुळतंय का बघतं, नकली क्षमतेची कार्डं त्यातच पकडली जातात. माझं कार्ड क्षमतेत खरं निघालं पण वाचताना दोन ठिकाणी चुकलं. दोन ठिकाणी म्हणजे रिजेक्ट, यात मी वाद घालत नाही. रविवारी तापकीर गल्लीत जाऊन ओळखीच्या दुकानातून चांगल्या कंपनीचं ६४ जीबीचं कार्ड आणलं, तेही आधी तपासलं आणि मग सिस्टीम त्यावर टाकली. कंपनीची सिस्टीम काढून म्यूओएस टाकलं, ही अशा डिव्हाइससाठी लोकांनी स्वतः बनवलेली मोफत सिस्टीम आहे, आतून जुन्या गेम्स चालवणारं रेट्रोआर्क हे सॉफ्टवेअरच चालतं पण मेनू स्वच्छ आहे आणि सगळ्या सेटिंगपर्यंत हात पोचतो.

स्क्रीन छान आहे, रंग चांगले, बाजूनं बघितलं तरी उडत नाहीत. पण छान म्हणजे काय ते मोजायला लागतं. २४०पी टेस्ट सूट नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, आर्टेमिओ उर्बिना यांनी सुरू केलेलं, त्यात जाळी, रंगपट्ट्या, सरकणारी चित्रं असं सगळं असतं आणि जुन्या कन्सोलवर ते गेमसारखंच चालतं. त्यातली जाळी लावली आणि दोष लगेच दिसला. जुन्या निन्टेन्डोचं चित्र २५६ बाय २४० चं. ६४० बाय ४८० वर ते उभं बरोबर दुप्पट होतं पण आडवं पसरवायला अडीच पट करावं लागतं, आणि अर्धा पिक्सेल असा काही प्रकार नसतो, त्यामुळे एक चौकोन दोनचा आणि शेजारचा तीनचा. नुसतं बघताना कळत नाही, मारिओ पळायला लागला की विटा पाण्यातून बघितल्यासारख्या हलतात. उपाय दोन, एक तर सगळीकडून बरोबर दुप्पट करायचं आणि डाव्या उजव्या बाजूला ६४ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या सोसायच्या, नाहीतर थोडं पुसट करणारा फिल्टर लावायचा म्हणजे कडा मऊ होतात आणि हलणं जाणवत नाही. मी फिल्टर लावला. पट्ट्या लावल्या की मारिओ बारीक दिसतो, आमच्या टीव्हीवर तो चांगला ताणून जाडजूड दिसायचा आणि कडेचा भाग तर टीव्ही खाऊनच टाकायचा. गेमबॉयचं चित्र १६० बाय १४४, ते तिप्पट छान बसतं. प्लेस्टेशनच्या ज्या गेम्स ३२० बाय २४० मध्ये आहेत त्या तर अगदी मापात बसतात. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला हा आकार गैरसोयीचा, वर खाली जागा फुकट जाते. तुम्ही त्याच गेम्स जास्त खेळणार असाल तर ३:२ ची स्क्रीन असलेलं बघा.

आवाजाबद्दल थोडक्यात. जुन्या निन्टेन्डोच्या चिपमध्ये पाच आवाज असतात, त्यातला त्रिकोणी लहरीचा जो असतो त्यावर बहुतेक वेळा खालचा बेस वाजवतात. या छोट्या स्पीकरमध्ये तो जवळपास नाहीसाच होतो. कॉन्ट्राची पहिली लेव्हल स्पीकरवर ऐकली आणि वाटलं काहीतरी कमी आहे, हेडफोन लावला तर खालचा सगळा ठेका परत आला. हेडफोनमध्ये बारीक सूं असा आवाज येतो पण गेम सुरू असताना ऐकू येत नाही. पास.

खरी परीक्षा डी-पॅडची, म्हणजे ते डावीकडचं प्लसच्या आकाराचं बटण. हे निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या डाँकी काँगच्या गेम अँड वॉच या हातातल्या छोट्या गेमसाठी काढलं आणि तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही. यात दोष असेल तर स्क्रीन सोन्याची असली तरी काही उपयोग नाही असं माझं ठाम मत आहे. आणि दोष होता. मारिओ खेळताना कळला नाही. कॉन्ट्रामध्ये लगेच कळला, कारण कॉन्ट्रात आठही दिशांना वेगळं काम आहे. खालचं दाबलं की माणूस झोपून गोळ्या मारतो, आणि खाली उजवं एकत्र दाबलं गेलं तर तो उठून तिरक्या गोळ्या मारत पळायला लागतो. मी फक्त खालचं दाबत होते आणि तो मधेच उठून गोळीपुढं जात होता. मेला. परत मेला. मला आधी वाटलं सवय गेली असेल, पण मग उजवं दाबून नुसतं पळवलं तर बंदूक मधेच वर बघायला लागली, तेव्हा खात्री झाली.

आता हे आकड्यात कसं बसवायचं. आमच्याकडे गो नो-गो गेज असतो, त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, तसं झालं तर पास, नाहीतर रिजेक्ट, मत विचारायचं नाही. तसा गेज मला कॉन्ट्रातच मिळाला, तो तीस जीवांचा कोड! टायटल स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए आणि स्टार्ट. हा कोड कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रेडिअस या गेमच्या फॅमिकॉम आवृत्तीत घातला, गेम त्यांना स्वतःला अवघड जायची म्हणून, २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. आमच्या आळीत तर तो पोरांना पाढ्यांसारखा पाठ होता. त्याची गंमत अशी की डी-पॅडच्या चारही दिशा त्यात दोन दोनदा येतात आणि मधे एक जरी चुकीचं बटण लागलं तरी तीस जीव मिळत नाहीत. मग मी ठरवलं पन्नास वेळा मारायचा, साधारण त्याच वेगानं, मुद्दाम जपून नाही, आणि मोजायचं. तीन रात्री लागल्या कारण दर वेळी गेम रीसेट करून परत टायटलपर्यंत यायचं. पन्नासपैकी सदतीस वेळा तीस जीव. तेरा वेळा तीनच.

तेरा म्हणजे फार झाले. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की हे सगळ्यांचं असंच असतं. असेलही, पण सगळ्यांचं असंच असतं हे काय उत्तर झालं का, मी कस्टमरला असं मेल केलं तर माझी नोकरी जाईल. मग स्वतःच उघडायचं ठरवलं. मागचे बारीक स्क्रू, चष्मेवाल्याचा स्क्रूड्रायव्हर चालला. बॅटरीची पिन आधी काढून ठेवली. आत काय असतं तर प्लसच्या खाली एक रबराची पातळ गादी, तिला चार ठिकाणी काळे कार्बनचे ठिपके, आणि त्याखाली बोर्डवर चार गोल पट्टे. बटण दाबलं की ठिपका पट्ट्याला टेकतो. पट्टे मोठे आणि प्लस जरा सैल, त्यामुळे खालचं दाबताना अंगठा केसभर उजवीकडं कलला की उजवा ठिपकाही टेकतो. इलाज सोपा आहे, बऱ्याच लोकांनी केलेला, पट्ट्याचा काही भाग पातळ टेपनं झाकायचा म्हणजे ठिपका नीट पूर्ण दाबला तरच लागेल. मी पिवळी उष्णता सहन करणारी टेप वापरली, कंपनीत असतेच, दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून चिमट्यानं चारही पट्ट्यांच्या कडेला लावल्या. पहिल्यांदा जास्त झाकलं गेलं, मग तिरकं लागेचना, आणि तिरकं पण लागायला पाहिजे ना, नाहीतर वर उजवीकडं गोळ्या कशा मारणार. परत उघडलं, निम्मी टेप काढली. चौथ्यांदा उघडून बंद केल्यावर जमलं. परत पन्नास वेळा कोड. एकोणपन्नास! जो एक चुकला तो माझ्याच हातून, ए आधी दाबलं होतं, पण तरी मी एकोणपन्नासच लिहिलं.

उजवीकडची बटणं. आमच्या जुन्या पॅडवर बी आणि ए शेजारी शेजारी आणि त्यांच्या वर दोन टर्बोची, दाबून धरलं की आपोआप दणादण गोळ्या. यावर चार बटणं चौकटच्या पत्त्यासारखी. रेट्रोआर्कमध्ये जुन्या निन्टेन्डोच्या गेम्स चालवणारा एफसीईयूएमएम नावाचा जो भाग, म्हणजे कोअर, आहे त्यात टर्बो चालू करता येतं, मग एक्स आणि वाय ही टर्बोची होतात, आणि बघितलं तर बी-ए ची तिरकी जोडी खाली आणि टर्बोची तिरकी जोडी वर, म्हणजे जुन्या पॅडचीच मांडणी जरा वळवून ठेवलेली. अंगठ्याला एका दिवसात सवय झाली. खांद्याची बटणं कटकट आवाज करतात, रात्री शेजारी कोणी झोपलं असेल तर त्रास होतो, नोंद करून ठेवली.

बटण दाबल्यापासून मारिओ उडी मारेपर्यंत किती वेळ जातो तेही मोजलं. फोन स्टँडवर लावून सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ, त्यात अंगठा पण दिसला पाहिजे आणि स्क्रीन पण. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त. दहा वेळा केलं, सरासरी १९ फ्रेम, म्हणजे साधारण ८० मिलिसेकंद. यातला काही उशीर गेमचा स्वतःचाच असतो, मूळ यंत्रावरही. रेट्रोआर्कमध्ये रन-अहेड म्हणून सोय आहे, ती पुढची फ्रेम आधीच काढून ठेवते आणि हा गेमचा उशीर झाकते. गेमच्या एका फ्रेमवर ठेवलं तर व्हिडिओतल्या १९ फ्रेमच्या १५ झाल्या. हातालाही फरक कळला, कडेवरून मारलेल्या उड्या चुकेनात.

इथवर सगळं ठीक. तिसऱ्या आठवड्यात मी व्हिडिओ कॉलवर वहिनीला डिव्हाइस दाखवत होते, दादा नाही असं समजून, आणि तो मागनं येऊन उभा. सरप्राइज गेलं. पण त्यानं दहा सेकंद कॉन्ट्रा बघितला आणि म्हणाला, "ताई, हे पळतंय फार." मी धाकटी असून तो मला ताईच म्हणतो, लहानपणापासून. मी म्हणलं तुझं वय झालं. तो म्हणाला नाही गं, गाणं ऐक, आपलं असं नव्हतं, आपलं जरा आरामात वाजायचं. आणि मला पण पहिल्या दिवसापासून काहीतरी खटकत होतं, ते मी बेसवर ढकललेलं.

मग तपासायचं कसं? मारिओत वरती कोपऱ्यात टाइम ४०० पासून उतरत येतो ना, तो खरे सेकंद मोजत नाही, गेमची दर २४ चित्रं, म्हणजे फ्रेम, झाली की एकनं उतरतो. ४०० ते ३०० म्हणजे २४०० फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ४० सेकंद लागणार. डिव्हाइसवर मारिओला नुसतं उभं करून स्टॉपवॉच लावलं, ४० सेकंद. मग दादाला म्हणलं माळ्यावरून यंत्र काढ. त्यानं त्याच रात्री काढलं, ९ व्होल्टचा अडॅप्टर शोधला, पिवळी पांढरी वायर नव्या टीव्हीच्या एव्हीला लावली, कॅसेट फुंकून खोचली आणि तीस वर्षांनी ते चालू झालं. मी फोनवर होते, मला मारिओचं गाणं ऐकू आलं आणि बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्यानं स्टॉपवॉच लावलं. एकदा ४८, एकदा साडेसत्तेचाळीस, परत ४८.

४८ म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. आणि ते तसंच असायला पाहिजे. जपान आणि अमेरिकेतले तेव्हाचे टीव्ही सेकंदाला ६० चित्रांच्या पद्धतीचे, आपल्याकडे पाल पद्धत, ५० ची. आपल्या बाजारातली ती नक्कल यंत्रं आपल्या टीव्हीसाठी बनवलेली, पण आतल्या गेम्स ६० साठी लिहिलेल्या, आणि गेमचं सगळं चालणं, पळणं, गाणं फ्रेमवर बांधलेलं, त्यामुळे सगळं सहाला पाच या हिशोबानं हळू. चिपचा मूळ वेग मात्र जवळपास तेवढाच ठेवलेला, एका टक्क्याहून कमी फरक, म्हणून सूर उतरत नाही. सूर तोच आणि लय विलंबित. दादाच्या कानानं तीस वर्षांनी नेमकं तेच पकडलं. म्हणजे आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी कॉन्ट्रा आणि मारिओ मूळ वेगापेक्षा हळू खेळले आणि आपल्याला तोच मूळ वाटला! मला हे कळल्यावर मी रात्री दीड वाजेपर्यंत जागी होते.

एफसीईयूएमएमच्या सेटिंगमध्ये रीजन म्हणून पर्याय आहे, त्यात ऑटो, एनटीएससी म्हणजे ती ६० ची पद्धत, पाल आणि चौथा डेंडी. डेंडी म्हणजे रशियात विकली गेलेली अशीच नक्कल, तिच्या नावानं ही ५० ची पद्धत ओळखतात. तो लावला. मारिओ ४८ सेकंद. कॉन्ट्रा लावला आणि जंगलाचं ते पहिलं गाणं सुरू झालं, बरोबर आमच्या घरातलं.

पण फुकट काही मिळत नाही. डिव्हाइसची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते आणि गेम आता ५० चित्रं देते, त्यामुळे दर पाच चित्रांमागं एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. परिणामी स्क्रीन सरकताना बारीक हिसका बसतो. टेस्ट सूटमधल्या सरकत्या चित्रावर तो मला स्पष्ट दिसतो, मारिओ पळतानाही दिसतो, आणि एकदा दिसला की दिसतच राहतो. क्वालिटीच्या भाषेत हा दोषच आहे. मी दादाला दोन्ही व्हिडिओ पाठवले, एक ६० चा गुळगुळीत आणि एक ५० चा हिसक्यांचा, काही न सांगता. त्याचं एका मिनिटात उत्तर आलं, दुसरा. हिसका दिसला का विचारलं तर म्हणाला कसला हिसका. मग मी त्या तीन चार गेम्सना तेवढं डेंडी सेव्ह केलं, रेट्रोआर्कमध्ये गेमनिहाय सेटिंग ठेवता येतं, बाकी सगळं ६० वर. माझ्या मते जी गेम तुम्ही लहानपणी खेळलाय ती लहानपणच्या वेगानं ठेवा आणि जी नव्यानं खेळणार ती मूळ वेगानं.

बॅटरी निम्म्या उजेडावर सहा तास दहा मिनिटं चालली, जुन्या निन्टेन्डोच्या गेम्सवर. प्लेस्टेशनच्या गेम्सवर पाच तासाला दहा मिनिटं कमी. स्लीपमध्ये रात्रभर ठेवली तर सकाळी ११ टक्के कमी, म्हणून मी म्हणेन बंदच करा, चालू व्हायला वीस सेकंद लागतात फक्त. गरम होत नाही. कुठंही थांबून सेव्ह करता येतं हे तर वरदानच आहे, तेव्हा लाईट गेली की सातव्या लेव्हलवरून परत पहिलीवर. पीएसपीसारख्या नंतरच्या यंत्रांच्या गेम्स मी तपासल्याच नाहीत, दादाला ते नकोच आहे.

वहीत शेवटचा एक मुद्दा राहिला होता, दोघांनी खेळणं. हातातल्या डिव्हाइसवर पॅड एकच, आणि कॉन्ट्रा एकट्यानं खेळणं म्हणजे आमच्या दृष्टीनं खेळणंच नव्हे. टीव्हीसाठी मिनी एचडीएमआयची केबल आणि यूएसबी जोडायच्या ओटीजी पिननं एक साधा पॅड लावून बघितला, दुसरा प्लेअर म्हणून लगेच ओळखला. टीव्हीवर उशीर वाढतो, टीव्हीचं गेम मोड चालू केल्यावर बराच कमी झाला.

दिवाळीत कराडला गेले तेव्हा डिव्हाइस, केबल, कार्डची कॉपी आणि वही सगळं दिलं. पाडव्याला संध्याकाळी जेवणाआधी हॉलमध्ये टीव्हीला जोडलं. दादाच्या हातात डिव्हाइस, माझ्याकडं पॅड. त्यानं टायटलवर न बघता कोड मारला, पहिल्या फटक्यात तीस जीव. जंगलाची लेव्हल पार झाली, शत्रूच्या तळाची पार झाली, धबधबा आला. पहिल्या वेळी तो सरळ वर गेला आणि मी खाली मेले, सवयीनं. मग वरच्या एका कपारीवर थांबून त्यानं गोळ्या मारायला सुरुवात केली, वरून दगड गडगडत होते, त्याचा एक जीव तिथंच गेला, तरी तो पुढं चढला नाही. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आलीस का गं वर?"